मेंदूतल्या इम्यून पेशी, कॅल्शियम आणि आईच्या गोळ्या

गावभागकर
मंडळी, एक शंका आहे, सायन्सवाले आणि डॉक्टर लोकांनी जरा उजेड टाका. मागच्या आठवड्यात सांगलीत आमच्या कॉलनीत कुठल्यातरी सप्लिमेंटवाल्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत व्याख्यान ठेवलं होतं, चहा-भडंग फुकट त्यामुळे हॉल फुल्ल. तिथं एका गृहस्थानं स्लाइडवर मेंदू दाखवून सांगितलं की मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या इम्यून पेशी असतात, त्या कॅल्शियमवर चालतात आणि साठीनंतर कॅल्शियम कमी पडलं की त्या झोपतात, मग विसरभोळेपणा सुरू. झालं! आमची आई (वय ७२) डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची एक गोळी घ्यायची ती आता स्वतःच्या मनानं तीन घ्यायला लागलीय, शिवाय त्या सप्लिमेंटवाल्यांचा डबाही आणलाय, किंमत सांगत नाही, वाचणाऱ्याचं बीपी वाढेल. मी म्हटलं हे थोतांड आहे तर म्हणाली तू कॉमर्सचा, तुला काय कळतंय यातलं. यावर माझ्याकडं उत्तर नाही. म्हणून इथं विचारतोय, या पेशींचा आणि कॅल्शियमचा खरंच काही संबंध आहे का? आणि असला तर गोळ्यांनी फरक पडतो का?

टिचभर
भडंग कुठली होती ते आधी सांगा, मग वैज्ञानिक बाजू बघू.

गावभागकर
जयसिंगपूरची.

टिचभर
सांगलीत कार्यक्रम आणि भडंग जयसिंगपूरची? इथंच संशय यायला पाहिजे होता राव.

रानजाई
गावभागकर, संबंध आहे, चांगलाच आहे. गोळ्यांनी फरक पडतो का, तर नाही पडत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे म्हणून तर असल्या व्याख्यानवाल्यांचं फावतं.

मी मूळची सांगलीतल्या विश्रामबागची, सध्या बाहेर एका लॅबमध्ये याच पेशींवर काम करते त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत कायम मुक्कामाला असलेल्या इम्यून पेशी. १९१९ मध्ये पिओ देल रिओ-होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं चांदीच्या क्षारानं रंगवून त्या बाकीच्या पेशींतून वेगळ्या काढून दाखवल्या. बाकीच्या मेंदूपेशींशी यांचं रक्ताचं नातं नाही, गर्भ अगदी लहान असताना योक सॅकमधून (गर्भाला जोडलेली पिशवी) त्या मेंदूत शिरतात आणि मग जन्मभर तिथंच राहतात, तिथंच वाढतात. मधे बारकं पोट आणि चहूबाजूंनी बारीक फांद्या. पुस्तकात यांना वर्षानुवर्षं 'विश्रांतीतल्या' पेशी म्हणायचे, मग २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपनं डोकावून बघितलं तर फांद्या सतत हलतायत, लांब होतात, आखडतात, आजूबाजूला चाचपून बघतात. आणि लेझरनं टाचणीच्या टोकाहून बारीक जखम केली की काही मिनिटांत आसपासच्या सगळ्या फांद्या तिकडं वळतात. मी पहिल्यांदा तो व्हिडिओ बघितला तेव्हा लूपवर लावून बसले होते, जेवायचं राहिलं.

आता कॅल्शियम. पेशीच्या बाहेर जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या दहा हजारावा भाग आत मोकळा असतो, म्हणजे बाहेर एक ते दोन मिलिमोलर आणि आत १०० नॅनोमोलरच्या आसपास. पेशी हे मुद्दाम करते, पंप लावून सतत बाहेर उपसते नाहीतर ईआर नावाच्या आतल्या कप्प्यात कोंडून ठेवते. आत इतकं कमी ठेवलं की जरासं शिरलं तरी लगेच कळतं. पावसाळ्यात आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो ना, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका? कोयनेत टीएमसी किती हे पेपरात वाचतो सगळे, पण घरातलं सामान माळ्यावर चढवायचं ठरतं ते पुलाखाली किती फूट चढलं आणि किती वेगानं चढलं त्यावर. पेशी आतलं कॅल्शियम तसंच वाचते. आईंनी गोळ्या खाऊन धरण भरायला घेतलं तरी दरवाजे गोळीनं उघडत नाहीत.

ते कशानं उघडतात हे रात्री लिहिते, इथं सकाळ आहे आणि मला उंदरांकडं जायचंय.

टिचभर
"मला उंदरांकडं जायचंय" हे वाक्य उद्या मीटिंगमधून उठताना वापरणार.

हळदीचं_पेव
चांगली माहिती. पण एक सांगतो, या सगळ्यावर उपाय आपल्या मातीत आहे. हळद. हरिपूरला जाऊन पेवं बघा, आमच्या आजोबांच्या काळात जमिनीखाली हळद साठवायचे तिथं, वर्षानुवर्षं किडायची नाही. आजोबा रोज रात्री हळद-दूध घ्यायचे, नव्वदीपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ. मेंदूची सूज हळद कमी करते हे परदेशी लोकांनी पण मान्य केलंय, पेपर आहेत त्यावर.

मिरजवाला_डॉ
पेवकाका, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा आम्हालाही अभिमान आहे पण जीआय म्हणजे औषधाचं लायसन नव्हे. लॅबमधल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या मायक्रोग्लियावर कर्क्युमिन (हळदीतलं रसायन) ओतलं की सूज वाढवणारी रसायनं कमी होतात, असे पेपर आहेत, खरं आहे. पण बशीत थेट ओतणं वेगळं. तोंडानं घेतलेलं कर्क्युमिन आतड्यात फार कमी शोषलं जातं आणि जे शोषलं जातं त्याचं लिव्हर पटकन रूपांतर करून टाकतं, रक्तात नगण्य उरतं आणि मेंदू तर त्याच्याही पुढं. भाजीत घाला, दुधात घाला, चवीला घाला. उधारी पाठ असण्याचं श्रेय मात्र मी आजोबांच्या स्वभावाला देईन.

हळदीचं_पेव
डॉक्टर लोकांना फुकटची गोष्ट पटत नाही हे जुनंच आहे. चालू द्या.

बोरवेल_काका
आमच्या बोअरच्या पाण्याची हार्डनेस ८०० च्या वर आलीय. गिझरची कॉइल बघवत नाही, पांढऱ्या थराचा अक्षरशः पापुद्रा निघतो, कुकरच्या तळाला पण तेच, चिंच घालून उकळलं तरी कोपऱ्यातला जात नाही. या हिशेबानं आमच्या घरचे मायक्रोग्लिया ऑलिम्पिकला जायला पाहिजेत.

मिरजवाला_डॉ
काका, आधी ते पिऊ नका, आपल्या मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. पण तुमच्या हार्ड वॉटरनं या विषयात इतिहास घडवलाय बरं का. लंडनला सिडनी रिंगर म्हणून डॉक्टर होते, सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' वाचता ना, तेच. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचा प्रयोग चालला होता आणि तो छान जमत होता. नंतर लक्षात आलं की द्रावण डिस्टिल्ड पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं, आणि ते पाणी चुन्याचं. डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हृदय थकून थांबायचं, त्यात कॅल्शियम घातलं की परत चालू. १८८३ चा पेपर आहे. कॅल्शियम नुसतं हाडात बसून राहत नाही, जिवंत पेशीला काम करायला लावतं, ही गोष्ट तिथून पुढं आली.

बोरवेल_काका
म्हणजे आमची बोअर म्हणजे रिंगरची लॅब! हिला सांगतो, नवीन गिझर मागायलीय ती.

अण्णा_तासगाव
डॉक्टरसाहेब माझा एक प्रश्न. मला बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आहे. मेडिकलवाला म्हणाला ही कॅल्शियमचा रस्ता बंद करणारी गोळी आहे. मग वरचं वाचून असं वाटतंय की माझ्या मेंदूतल्या त्या पेशींचा पण रस्ता बंद होत असणार. बंद करू का गोळी?

मिरजवाला_डॉ
अजिबात बंद करू नका अण्णा!! धागा वाचून बीपीची गोळी सोडली असं कुणी केलं तर अ‍ॅडमिननी धागाच उडवावा. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिनीच्या स्नायूतल्या एल-टाइप चॅनेलवर काम करते, चॅनेल म्हणजे पेशीच्या भिंतीतली दारं, आणि हे विजेच्या दाबानं उघडणारे. मायक्रोग्लियाचा कारभार मुख्यतः त्यावर चालत नाही. रानजाईताई नेमकं सांगतील.

रानजाई
आले. अण्णा, डॉक्टर म्हणतात तसंच आहे. न्यूरॉनसारखी वीज या पेशी खेळत नाहीत. यांच्याकडं वास घेतल्यासारखे रिसेप्टर, म्हणजे बाहेरची रसायनं ओळखणारी प्रथिनं असतात आणि त्यातले महत्त्वाचे एटीपी आणि त्याच्या भावंडांना ओळखणारे. एटीपी म्हणजे शाळेत शिकलेलं पेशीचं इंधन, ते पेशीच्या आत असायला पाहिजे. बाहेर सांडलेलं सापडलं म्हणजे जवळपास कुणीतरी फुटलंय किंवा फार ताणाखाली आहे. पी२वाय१२ नावाचा रिसेप्टर एडीपी-एटीपी ओळखून फांद्या जखमेकडं वळवतो. पी२वाय६ हा यूडीपी ओळखतो आणि तो चालू झाला की पेशी कचरा गिळायला लागते, हे जपानच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं. पी२एक्स४ चा संबंध नस दुखावल्यावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या वेदनेशी लागलाय. पी२एक्स७ सगळ्यात उशिरा जागा होतो, त्याला एटीपी भरपूर लागतं, पण झाला की सूज वाढवणारी यंत्रणाच सुरू होते.

यातले पी२एक्सवाले स्वतःच भोक असतात, त्यांतून कॅल्शियम थेट बाहेरून आत येतं. पी२वाय६ सारखे आत आयपी३ नावाचा रेणू बनवतात, तो ईआरचा साठा उघडतो, साठा रिकामा व्हायला लागला की स्टिम नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि ओराय नावाचे चॅनेल बाहेरच्या बाजूनं उघडून भरपाई करून घेतं. सगळं काही सेकंदांत. या साखळीत कुठंही "आज गोळ्या किती खाल्ल्या" असा प्रश्न येत नाही.

अण्णा_तासगाव
पी२वाय१२ हे नाव मी ऐकलंय!! मागं स्टेंट टाकली तेव्हा क्लोपिडोग्रेल दिली होती त्याच्या कागदावर होतं.

रानजाई
अण्णा, तुम्ही कागद वाचता हेच मला फार आवडलं. हो, तोच रिसेप्टर. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटवर पण असतो आणि मायक्रोग्लियावर पण. प्लेटलेटवरचा बंद केला की गुठळी कमी होते म्हणून स्टेंटनंतर देतात. उंदरात पी२वाय१२ नसला तर फांद्या जखमेकडं नीट वळत नाहीत, २००६ चं काम आहे. पण तुमची गोळी चालू असेल तर चालूच ठेवा, ती हृदयासाठी आहे आणि तिथला फायदा पक्का माहीत आहे.

तर्कटी
सगळे वा वा करतायत म्हणून थोडं मिठाचा खडा टाकतो. मी फिजिओलॉजी शिकवतो. रानजाईताई, कॅल्शियमलाच हिरो करण्यात घाई होतेय. रोजची जी चाचपणी आहे, जखम नसताना फांद्या हलत राहतात ती, तिला पी२वाय१२ लागत नाही, ती थिक-१ नावाच्या पोटॅशियम चॅनेलवर अवलंबून आहे असं २०१८ मध्ये आलंय. शिवाय बशीतल्या मायक्रोग्लियात कॅल्शियम उसळताना दिसायचं म्हणून जुने पेपर भरलेत, आणि जिवंत मेंदूत बघितलं तर शांत मायक्रोग्लिया बऱ्यापैकी गप्प असतात. बशीत काढलेली पेशी मुळात घाबरलेली पेशी आहे. आणि शेवटचं, प्रकाश वाढलेला दिसला म्हणजे त्या कॅल्शियमनंच पुढचं काम करवलं हे सिद्ध होत नाही, दोन्ही बरोबर घडलं इतकंच.

रानजाई
सर, थिक-१ चा मुद्दा मान्यच, पोटॅशियम वगळून हे चित्र पुरं होत नाही. बशीबद्दल तर डबल मान्य, आमच्या लॅबमध्ये त्यावरून भांडणं होतात. पण गप्प असतात म्हणूनच मला कॅल्शियम महत्त्वाचं वाटतं. गारास्चुक यांच्या गटानं २०११ मध्ये जिवंत मेंदूत एकच न्यूरॉन इजा करून बघितला तर शेजारच्या मायक्रोग्लियात कॅल्शियम लगेच चढलं. हजारो पेशींतली एक बिघडली तरी पत्ता लागतो म्हणजे खबर चांगली आहे. पुढचं काम कॅल्शियमच करवतं का, हा तुमचा प्रश्न मात्र बरोबर जागी आहे आणि त्यावरच माझी पुढची दोन वर्षं जाणार असं दिसतंय.

काडीपेटी
हा प्रकाश कुठनं आला मधेच? दिवा लावतात काय मेंदूत?

रानजाई
जवळपास तसंच. जीकॅम्प नावाचं बनवलेलं प्रथिन आहे. जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला कॅल्शियम पकडणारा तुकडा जोडलाय, कॅल्शियम चिकटलं की जास्त चमकतं. जेलीफिशच्या त्या प्रथिनासाठी शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं नोबेल मिळालं. न्यूरॉनमध्ये ते व्हायरसनं सहज घालता येतं पण मायक्रोग्लिया व्हायरसला दाद देत नाहीत, इम्यून पेशीच त्या. म्हणून जनुकातच बदल केलेले उंदीर वापरावे लागतात. उंदराच्या कवटीत काचेची बारीक खिडकी बसवायची, तो जागा असताना डोकं स्थिर ठेवून पाय चालू द्यायचे आणि अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास स्क्रीनकडं बघत बसायचं. काळ्या पडद्यावर एका फांदीचं टोक हळूच उजळतं आणि विझतं, शेजारची फांदी तशीच काळी. म्हणजे एकाच पेशीच्या दोन फांद्या वेगवेगळं ऐकत असतात.

आणि सर तुमच्यासाठी माझा सगळ्यात आवडता पेपर. २०२०, मेयो क्लिनिक, वू यांची लॅब. जाग्या उंदरात न्यूरॉन जास्त भडकवले, फिट आणली, तर मायक्रोग्लियाच्या फांद्यांत कॅल्शियम वाढलं, हे अपेक्षित. मग त्यांनी भूल देऊन न्यूरॉन शांत केले. तर कमी व्हायला पाहिजे ना? तिथंही वाढलं. गोंगाट झाला तरी दखल, सामसूम झाली तरी दखल. त्या व्याख्यानवाल्यांच्या "कॅल्शियम जास्त म्हणजे पेशी तंदुरुस्त" या गणिताचं इथंच पानिपत होतं, कारण फिट आलेल्या मेंदूतपण ते जास्तच आहे. अल्झायमरच्या उंदरात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठींजवळचे मायक्रोग्लिया तर कॅल्शियमनं नको इतके उसळत असतात. जास्त हे चांगलं नाही, कमी हेही नाही, केव्हा आणि कुठल्या फांदीत हे बघायचं.

सौ_कूपवाड
भुलेचं वाचून धस्स झालं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन-तीन दिवस त्या काहीबाही बोलत होत्या, मला नावानं ओळखेनात, थोरल्या जाऊबाईंना मात्र बरोब्बर ओळखत होत्या. हे या पेशींमुळं का?

टिचभर
जाऊबाईंना ओळखल्या यात वैद्यकीय काही नाही वैनी.

मिरजवाला_डॉ
टिचभर 😄
वहिनी, वयस्क लोकांत ऑपरेशननंतर असा गोंधळ बऱ्यापैकी दिसतो, त्याला डिलिरियम म्हणतात. वेदना, झोपमोड, इन्फेक्शन, औषधं, चष्मा-कानाचं मशीन काढून ठेवलेलं, अशी पुष्कळ कारणं एकत्र येतात. मायक्रोग्लियाचा त्यात हात असावा असं संशोधक धरून चाललेत पण उंदराच्या भुलेतला कॅल्शियमचा पेपर आणि तुमच्या सासूबाई यांच्यामधे अजून मोठं अंतर आहे. पुढं कधी ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मागच्या वेळचं आवर्जून सांगा, आणि नंतर ओळखीचं माणूस, चष्मा आणि घड्याळ उशाशी ठेवा. याचा उपयोग होतो.

काडीपेटी
म्हणजे माझ्या बॉसच्या डोक्यात कायम सामसूम असते तर त्याचे मायक्रोग्लिया चोवीस तास ड्युटीवर असणार. पगार मात्र त्यालाच.

हळदीचं_पेव
एवढं सगळं वाचलं. शेवटी निष्पन्न काय, गोळ्या घ्यायच्या का नाही घ्यायच्या? गावभागकर बिचारा वाट बघत असंल.

गावभागकर
पेवकाका, बघतोयच! आईला सगळा धागा वाचून दाखवला. आयर्विन पुलाचं तिला लगेच पटलं, २०१९ ला आमच्या घरात पाणी आलेलं, ५७ फुटांच्या वर गेली होती पातळी. पण तिचं म्हणणं, मेंदूला नाही तर नाही, हाडाला तर लागतंच ना, मग तीन घेतल्या तर काय बिघडलं.

मिरजवाला_डॉ
बिघडतं. स्ट्रिपवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ लिहिलेलं असेल तर त्यातलं खरं कॅल्शियम ५०० असतं, तीन म्हणजे १५००, वर दूध-दही-नाचणी वेगळं, आणि त्या डब्यात काय आहे देव जाणे, त्यात व्हिटॅमिन डी पण असेल तर अजून पंचाईत. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड आणि व्हिटॅमिन डी मिळून ८.५ ते १०.५ च्या आसपास धरून ठेवतात, तुम्ही जास्त ढकललंत की किडनीला बाहेर काढावं लागतं. मुतखडा, बद्धकोष्ठता, आणि रक्तातलं फारच वाढलं तर गंमत बघा, माणूस सुस्त होतो, गोंधळतो, विसरतो. ज्याच्या भीतीनं गोळ्या घेतल्या तेच. डबा घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा, सिरम (रक्तातलं) कॅल्शियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघतील. आणि थायरॉइडची गोळी चालू आहे का त्यांना?

गावभागकर
आहे की. सकाळी दोन्ही एकदमच घेते, चहाबरोबर. विसरायला नको म्हणून.

मिरजवाला_डॉ
अरे देवा. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, शोषू देत नाही. दोन्हीत चार तासांचं अंतर पाहिजे. थायरॉइडची गोळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा नंतर. कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या जेवणाबरोबर. आणि थायरॉइड कमी पडलं तरी विसरायला होतं, सुस्ती येते. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी पण करून घ्या लगे हात. मायक्रोग्लियाच्या आधी मी तिकडं बघेन.

सौ_कूपवाड
डॉक्टर हे चार तासांचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, माझं पण तसंच चालू होतं. उद्यापासून बदलते.

गावभागकर
रिपोर्ट आले. कॅल्शियम वरच्या टोकाला पण हद्दीत, टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय. डॉक्टरांनी डबा बंद केला, गोळी परत एकच आणि दुपारी. आई म्हणाली त्या रानजाईला विचार, विश्रामबागला कुणाची म्हणून. मी सांगितलं इथं तसं विचारत नाहीत. तर म्हणाली मग कशाला बसतोस तिथं.

बारावी_सायन्स
नमस्कार, मी सांगलीत बारावीला आहे. नीटची तयारी चालू आहे पण हे वाचून डॉक्टरपेक्षा असलं काहीतरी करावंसं वाटायला लागलंय. रानजाईताई, इथून तिथपर्यंत कसं जायचं? घरी सांगितलं तर पप्पा म्हणतील उंदरं पकडायला शिकवलं का तुला.

रानजाई
पप्पांना सांग पकडावी लागत नाहीत, पिंजऱ्यात असतात, रजिस्टरवर नोंद असते आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नीट दे, पण आयसर या विज्ञान संस्थांची परीक्षा पण दे, पुण्याचं आयसर आपल्याला जवळ. पुण्यातच एनसीसीएस आहे, पेशींवर काम करणारी संस्था. पुढं मेंदूकडंच वळायचं असलं तर मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळूरला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था. बीएस्सी करून पण जाता येतं, मी तशीच गेले. फिजिक्स सोडू नकोस एवढं ऐक, मायक्रोस्कोप बिघडला की बायोलॉजीवाले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात.

तर्कटी
आणि स्टॅटिस्टिक्स. उजळलेल्या फांद्या मोजायला बसलास की कळेल.